सात नंबरचं वय

१२ सप्टेंबर २००५, वामांगा

सात नंबर आज पूर्ण मांडून झाला. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, माणूस उताणा झोपलाय असा. पुकावासी गावच्या खड्ड्यातून आणलेल्यांत हाच सगळ्यांत पूर्ण, एकही मोठं हाड गहाळ नाही. कवटी ब्रशने झाडली तर मागे, मानेच्या जरा वर, गोळीचं भोक. मागे! आणि पेरू सरकारच्या कागदात चौऱ्याऐंशी सालापासून लिहून ठेवलंय की पुकावासीत चकमक झाली, अतिरेकी समोरून गोळ्या झाडत होते. पाठ करून आणि हात बांधून चकमक कशी करतात, ते एकदा कुणीतरी मला करून दाखवा. कारण मनगटांच्या हाडांभोवती दोरसुद्धा आहे, लामा जनावराच्या लोकरीचा, गाठ अजून तशीच.

संताप गिळला आणि कामाला लागले. कमरेचं हाड पुरुषाचं, त्यात शंकाच नाही. गुडघ्याच्या आणि मनगटाच्या हाडांतल्या वाढीच्या फटी पूर्ण मिटलेल्या. कमरेच्या हाडाची वरची कड मात्र अजून पुरती चिकटलेली नाही, आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाचं आतलं टोक उघडंच. ते सगळ्यांत शेवटी मिटतं. अक्कलदाढा अर्ध्या वर आलेल्या. म्हणजे अठरा ते वीस. उंची बेताची, माझ्या कानाला लागला असता. डावा हात लहानपणी मोडून जरा तिरका जुळलाय, पण तेवढ्यावरून नाव ठरत नाही. ह्या डोंगरांत दर दुसऱ्या पोराचा हात गाढवावरून पडून मोडलेला असतो.

हाडांची ओळख पटवणाऱ्या आमच्या तुकडीचे प्रमुख, आवेलिनो सर, येऊन बघून गेले. हात न लावताच म्हणाले, "एकोणीस." मी म्हटलं, "मी अठरा ते वीस लिहिलंय." "लिही, लिही. हात राखूनच लिहावं." खूश झाले की असंच बोलतात.

१८ सप्टेंबर, पुकावासी

खड्ड्यात सापडलेले कपडे धुऊन, वाळवून आज गावच्या चर्चसमोर पांढऱ्या चादरींवर मांडले. नातेवाइकांनी बघायचं, ओळखायचं. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. बाया एकेका चादरीपाशी थांबायच्या, वाकायच्या, पुढे जायच्या. आमच्या कामातला हा दिवस मला अजिबात सोसत नाही. हाडं परवडली.

सात नंबरच्या चादरीपाशी एक म्हातारी बसली ती उठेचना. विजारीच्या गुडघ्याला पिठाच्या गोणीचं ठिगळ आहे. ते तिने उलटं केलं, आतला दोरा नखाने उचकटून बघितला आणि म्हणाली, "ही माझी शिवण."

"माय, नाव काय तुझं?"

"फोर्तुनाता. आणि ह्याचं सेनोबियो. दोरा दुहेरी घातलाय बघ. बाकीच्या बाया एकेरी घालतात, दोरा वाचवतात. माझं कार्टं मेंढ्यांमागे उतारावरून घसरत जायचं, एकेरी दोरा आठवडाभर टिकायचा नाही."

चौकशीचे सरकारी वकील बुस्तिन्सा शेजारीच उभे होते. राजधानी लीमाहून आलेत. कोटाला पेरूच्या झेंड्याचा बिल्ला, आणि विजारीला अशी इस्त्री की धारेवर कांदा चिरावा. केचुआचं, इथल्या डोंगरी भाषेचं, एक अक्षर त्यांना येत नाही, म्हणून दुभाषी मीच. म्हणाले, "मुलाचं वय विचारा." मी विचारलं. म्हातारीने आधी त्या बिल्ल्याकडे बघितलं.

"पंधरा," म्हणाली.

"नक्की, माय?"

"किती वेळा सांगू? तेव्हाही पंधरा, आताही पंधरा."

आता हिला सांगायचं कसं? पण सांगावं तर लागतंच. "माय, मग हा तुझा नाही गं. हा मोठा आहे, एकोणीसचा. हाडांवरून कळतं."

"तुझ्या हाडांनी कधी कुणाची विजार शिवली का गं, डॉक्टरीणबाई?"

मी समजावलं की कपडे हातोहात फिरतात, थोरल्याची विजार धाकट्याला, ह्या घरची त्या घरी. तिने ऐकून घेतलं. मग विजारीची नीट घडी घातली, चादरीवर ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "शिकलीस खूप. कामाचं काही शिकली नाहीस."

मीच बरोबर आहे. पंधराच्या पोराच्या गुडघ्यातली फट अशी मिटलेली नसते, त्याला देवही काही करू शकत नाही.

३ ऑक्टोबर

फोर्तुनाता माय वामांग्यात आली आहे. आमच्या कचेरीच्या पायरीवर बसते, टकळीवर सूत कातते. सकाळी मी कुलूप काढते तेव्हा हजर, संध्याकाळी लावते तेव्हाही हजर. भाचीकडे उतरली आहे म्हणे.

आज आत बोलावून चहा दिला. तिने गाठोडं सोडून दाखवलं. मुलाला पुरताना घालायला नवे कपडे केलेत तिने: स्वतः विणलेला स्वेटर, काळी विजार, पट्टा. विजार उलगडली तर पोराची वाटेना, वयात आलेल्या गड्याला यावी अशी. मला भडभडून आलं. पंधराच्या पोराला एवढी विजार! आया अंगापेक्षा मोठंच शिवतात, पोर वाढेल म्हणून. मेलेल्या पोरासाठीही सवय सुटत नाही बिचाऱ्यांची.

"छान शिवलीय," मी म्हटलं.

"मापात शिवलीय," ती म्हणाली आणि चहात आणखी साखर मागितली.

मी पुन्हा वय विचारलं. आकडा लक्षात राहण्यात चूक होऊ शकते, पूर्वी कोण लिहून ठेवत होतं? पण तिने माझ्या टेबलावरचा सरकारी शिक्का बघितला आणि म्हणाली, "पंधरा." हट्टी आहे म्हातारी. दुःखाने माणूस असा एका आकड्याला चिकटून बसतो.

११ ऑक्टोबर

डीएनएचा निकाल आला. निकाल कसला, नकार. पुकावासीची माती आम्लधर्मी, हाडांत काही शिल्लक नाही, पुन्हा पाठवू नका. झालं. आता जे ठरेल ते आमच्या डोळ्यांनी आणि आयांच्या तोंडून ठरेल.

त्यात बुस्तिन्सांनी फर्मान काढलं: नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाआधी ज्यांची ओळख पटेल ते कुटुंबांना देऊ, उरलेली खोकी लीमाच्या गोदामात. लीमाला गेलेलं खोकं परत आलेलं मी तरी बघितलं नाही. पुकावासीची अर्धी खोकी बिननावाची पडली आहेत. आयांनी सांगितलेल्या यादीत पोरं आहेत, टेबलावर पुरुष आहेत. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

दुपारी आवेलिनो सरांनी दार लोटून घेतलं. "निल्दा, सात नंबरला वय 'पंधरा ते वीस' लिहून टाक."

"सर!"

"बाईने सांगितलेला मोडका हात जुळतो, उंची जुळते, शिवण जुळते. बाई रोज पायरीवर बसते, माझ्याच्याने बघवत नाही. एका आकड्याने कुणाचं काय वाकडं होतंय?"

"सगळ्यांचं होतंय! उद्या न्यायालयात लष्कराचा एखादा तज्ज्ञ येईल, गुडघ्याचं हाड हातात घेईल आणि म्हणेल, हे पंधराचं? मग म्हणेल, बाईंनी इथे खोटं लिहिलं तर मागून मारलेली गोळीही खोटीच असेल. एका खोट्यावर सगळा खड्डा पुन्हा बुजवतील ते."

"मग तिला तू सांग," सर म्हणाले. थकलेत ते. चांगला माणूस आहे, पण दयेपोटी खोटं लिहायला मी इथे आलेली नाही.

सांगितलं. तिने माझा चहा पायरीखाली ओतून टाकला. "माझ्या पोराला गोदामात टाकणार तू? उंदरांत?" म्हणाली. "तुला आई आहे का गं?" आहे. आणि घरी येऊन मी तिच्यावरच ओरडले, मीठ जास्त झालं म्हणून.

१७ ऑक्टोबर

मी गाढव आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

माय आज चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली होती आणि गाठोडं माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेली. माझ्याशी बोलत नाही, पण गाठोडं माझ्याच कपाटात. मी खोकं उचलताना ते खाली पडलं, विजार बाहेर आली. घडी घालायला टेबलावर पसरली तर शेजारी सात नंबर. कमरेच्या हाडाशी विजारीची कंबर, नडगीच्या टोकाशी पायाची किनार. हाडांना मांस चढवून बघितलं मनात. बरोबर. जिथल्या तिथे. डावीकडची किनार एक बोट वर घेतलेली आहे. मी दोन्ही मांडीची हाडं मोजली. डावं आखूड आहे. मी ते महिनाभरापूर्वी स्वतः नोंदवलंय, आणि कुणाला सांगितलेलं नाही!

ती मापात शिवलीय म्हणाली होती. मापातच शिवलीय. पंधराच्या पोरासाठी नाही, एकोणीसच्या गड्यासाठी. तिला माहीत आहे. तिला पहिल्यापासून माहीत आहे.

मग का? का गं माय?

१८ ऑक्टोबर

चूक केली. सकाळी पायरीवरच विचारलं, "सेनोबियो एकोणीसचा होता ना?" तेवढ्यात बुस्तिन्सा पायऱ्या चढत होते. मायचा चेहरा असा झाला, जणू मी तिला चोरी करताना पकडलंय. "पंधरा," म्हणाली, सूत गुंडाळलं, आत येऊन गाठोडं काढलं आणि गेली. भाचीकडे गेले तर माय बाहेर आलीच नाही; पहाटेच्या गाडीने गावी निघणार म्हणून कळलं.

ती गेली तर संपलं. हाडं, शिवण, माप सगळं माझ्याकडे आहे, पण वय तिच्याच तोंडून यायला हवं. सर म्हणतात, जाऊ नकोस, साक्षीदाराच्या घरी गेलीस तर बुस्तिन्सा तक्रार करतील. करू देत की. रविवारच्या बसचं तिकीट काढून आले.

२३ ऑक्टोबर, पुकावासी

मायने मला बघून दार लावलं नाही, एवढंच नशीब. उकडलेला बटाटा हातात दिला, तिखटाची चटणी पुढे सरकवली. इथे भांडणही खाऊन झाल्यावर करतात.

"माय, मी एकटीच आले. कागद नाही, शिक्का नाही. सांग."

तिने एक बटाटा सोलून ठेवला. मग म्हणाली, "बारीक होता गं माझा. उंचीही नव्हती. सैनिक जत्रेत ट्रक लावायचे आणि अठराच्या वरची पोरं मेंढरांसारखी वर चढवायचे. डोंगरातले ते दुसरे, बंडखोर, ते रात्री यायचे. तेही वयच विचारायचे आधी. मी दोघांनाही सांगायची, पंधरा. चार वर्षं माझा पोरगा पंधराचाच होता."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. तिलाही तसंच झालं असावं.

"आणि मेल्यावर? आता कोण नेणार होतं त्याला?"

"आता नाव नेतील ना!" तिने सुरी खाली ठेवली. "रेडिओवर सांगितलं होतं, मेले ते सगळे बाप्ये होते, अतिरेकी होते. पंधराचं पोर अतिरेकी कसं होईल? तेवढं एकच माझ्या हातात होतं. एकोणीस म्हटलं की तो त्यांचाच होतो. कोटवाला तेच तर लिहायला बसलाय."

नियम असा आहे की मृत्यू कसा झाला ते आधी वकिलाला सांगायचं, कुटुंबाला मागाहून, तेही ओळख पटल्यावर. नियम गेला चुलीत. मी सांगितलं. हात मागे बांधलेले. गोळी मागून. खड्ड्यात त्याच्या शेजारी दुधाच्या दातांची दोन पोरं. "माय, एकोणीसचा असो नाहीतर नव्वदचा, हात बांधलेला माणूस कुणाशी लढत नसतो. हे हाडांवरच आहे. कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. पण ती हाडं कुणाची, हे मला लिहू दे."

"मागून?" तिने विचारलं.

"मागून."

तिने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे बडवले आणि मोठ्याने रडली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की पोराने पळायचा तरी प्रयत्न केला असेल. मी जवळ बसून राहिले. दुसरं काय करणार?

मग नाक पुसून उठली, टोपी घातली. "कुठाय तो कोटवाला? चल."

"उद्या, माय. आता गाडी नाही."

"मग बटाटा खा. वाळकी झालीस अगदी."

२६ ऑक्टोबर

जबाब झाला. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

बुस्तिन्सांनी टाइप करायला लावलं: वय एकोणीस. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आधी खोटं का सांगितलं? चौकशीत खोटी माहिती देणं गुन्हा आहे. सांगा त्यांना."

मी भाषांतराला तोंड उघडलं तर मायने माझ्या मांडीवर थोपटून मला गप्प केलं. आणि स्पॅनिशमध्ये बोलली. मोडकंतोडकं, पण शब्द न् शब्द कळेल असं. "साहेब, सरकार माझ्या दारात पोराचं वय विचारायला आलं ते पोरगा न्यायला. कधी काही द्यायला आलं असतं, तर खरं सांगितलं असतं."

टाइप करणारी मुलगी थांबली. बुस्तिन्सा म्हणाले, "म्हणजे सज्ञान पुरुष. लढण्याच्या वयाचा."

"लग्नाच्या वयाचा," माय म्हणाली. "तसं लिहा. मेंढ्या राखायचा, गिटार बेसूर वाजवायचा, तेही लिहा. हात बांधले होते ते लिहा. अतिरेकी लिहायचं तर आधी तो दोर बघा आणि माझ्याकडे तोंड करून म्हणा."

त्यांनी खाली बघून पान उलटलं. मी माझा अहवाल पुढे सरकवला: वय अठरा ते वीस, एका आकड्यानेही न हललेला. सर माझ्या मागे उभे होते. त्यांनी आधी सही केली, मग मी.

२ नोव्हेंबर, पुकावासी

सेनोबियो घरी आला. पांढरी पेटी लहानच असते, हाडांना कितीशी जागा लागते?

नियमाप्रमाणे हाडं आम्ही लावायची, घरच्यांनी लांबून बघायचं. मी हातमोजे काढून मायला दिले. तिने ते बाजूला ठेवले आणि उघड्या हातांनी पोराला लावलं. मी फक्त कुठलं हाड कुठे ते सांगत होते. वर स्वेटर, विजार, पट्टा. आणि सगळा वेळ त्याला शिव्या घालत होती: "मेल्या, पाय दुखवलेस माझे. किती दारं झिजवायला लावलीस! त्या बराकीच्या दारात मला कुत्र्यासारखं हाकललं, ऐकतोयस का? आणि तू इथे आरामात झोपलेला, हाकेच्या अंतरावर." बाया रडत होत्या आणि मधूनच हसत होत्या. तिने मृतांसाठी भाजलेला पाव पेटीपाशी ठेवला आणि मोडून मलाही दिला.

नाव कोरणाऱ्याने विचारलं, वय काय घालू? चौकीतले दोन जुने पोलीस तिथेच उभे होते. माय त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकोणीस."

४ नोव्हेंबर, वामांगा

उरलेली खोकी लीमाला न्यायला बुस्तिन्सा आज माणसं आणि गाडी घेऊन आले. शिपायाने पहिल्या खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. मी भांडत होते, सर भांडत होते, ऐकतंय कोण? "बाई, यादीतली वयं आणि तुमची वयं जुळत नाहीत. विषय संपला."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. दार उघडलं तर पायऱ्यांवर बाया. पुकावासीच्या. रात्रभर ट्रकच्या पाठीवर बसून आलेल्या, टोप्यांवर धूळ. सगळ्यांत पुढे फोर्तुनाता माय, हातात सुताची टकळी. तिने शेजारच्या ठेंगण्या म्हातारीला कोपराने ढोसलं फक्त.

"मी एउफ्रासिया," ती म्हणाली. आवाज एकदम मोठा निघाला. "माझ्या तेओदोरोचं वय मी चौदा सांगितलं होतं. अठरा होतं."

"माझा सतरा," मागून कुणीतरी.

"माझा वीस! बायको होती त्याला, पोटुशी!"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. मला ऐकू येईना, दिसेना, डोळे पुसत मी नुसती उभी. शिपाई चिकटपट्टी हातात धरून बघत राहिला.

"काय गोंधळ आहे हा?" बुस्तिन्सा म्हणाले. "काय हवंय ह्यांना?"

"वयं सांगायला आल्यात," मी म्हटलं. "कोट काढून बसा, साहेब. आज वेळ लागेल."